डिलिव्हरीआधीच गंज दिसला, आता सही करावी का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात शिक्षिका आहे. अण्णांच्या नावाने कोल्हापूरच्या एका शोरूममध्ये पेट्रोल गाडी बुक केली आहे. एक्स-शोरूम किंमत साडेनऊ लाख. बुकिंगचे एकवीस हजार भरले आहेत, कर्ज मंजूर आहे, पण बँकेने पैसे अजून सोडलेले नाहीत. गेल्या आठवड्यात यार्डात गाडी बघायला गेलो तेव्हा ब्रेकच्या डिस्कवर, ड्रायव्हर सीटखालच्या रेलवर आणि बोल्टवर, तसंच डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात जोडाच्या कडेला तांबूस गंज दिसला. फोटो काढले आहेत. सेल्समन म्हणाला, “पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना येतो, साफ करून देतो. बुकिंग रद्द केलंत तर पैसे मिळणार नाहीत.” अण्णांना दसऱ्यालाच गाडी दारात हवी आहे. गाडी घ्यावी का? घेतली आणि पुढे गंज वाढला तर कायदा मदत करेल का?

उत्तर : मॅडम, हे वाचून झालं की पहिलं काम म्हणजे बँकेत जाऊन सांगा, ‘माझी लेखी संमती येईपर्यंत डीलरला रक्कम देऊ नका.’ कर्जाचे पैसे थेट डीलरच्या खात्यात जातात. एकदा ते गेले की गाडी चांगली असो वा वाईट, हप्ता सुरू होतो आणि गाडीतल्या दोषाशी बँकेला देणंघेणं नसतं. आज तुमच्या हातात जो जोर आहे तो या न गेलेल्या पैशांत आहे.

आता गंजाकडे वळू. तुम्ही तीन जागा लिहिल्या आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. ब्रेक डिस्क हे उघडं बिडाचं लोखंड. एक सर पडून गेली तरी दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतं आणि चार वेळा ब्रेक दाबला की पॅड घासून स्वच्छ होतं. तेवढ्यापुरता सेल्समन खरं बोलला. सायलेन्सरचे जोड, व्हील हब, खालचे काही बोल्ट यांचंही तसंच. यावरून भांडायला गेलात तर ग्राहक आयोगापुढे तुमची बाकीची तक्रारही हलकी वाटू लागेल.

सीटखालची रेल आणि स्टेपनीचा खड्डा मात्र गाडीच्या आतले भाग. काचा बंद असलेल्या गाडीत तिथे पाऊस पोचत नाही. सीटच्या सांगाड्याला पुष्कळदा पूर्ण रंग नसतो, त्यामुळे दमट हवेने बारीक तांबूसपणा नव्या गाडीतही येऊ शकतो, हे मान्य. म्हणून नुसत्या रेलवर थांबू नका, तिच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा. पुन्हा यार्डात जा, सोबत ओळखीचा गॅरेजवाला न्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा डाग आहे का. मॅटखालचा गालिचा हाताने दाबा, कुबट वास येतो का बघा. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात गाळ आहे का, दरवाजाच्या खालच्या कडेला आतून रंग फुगलाय का, डिकीच्या रबराखाली पाण्याच्या खुणा आहेत का. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्या गाडीला पाणी लागलं आहे असं मी म्हणत नाही. पण या भागात गाडी घेणाऱ्याने ती शंका मनातल्या मनात न ठेवता तपासून संपवावी.

त्याच फेरीत चॅसिस नंबर लिहून घ्या. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यासोबत गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली हे डीलरकडून लेखी मागा. आरसीवर ते पुढे छापून येणारच असतं, त्यामुळे आधी सांगायला त्याला अडचण नसावी. अडचण असेल तर तेही एक उत्तरच झालं. वर्षभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी ‘ताजी’ म्हणून विकली जात असेल, तर गंजापेक्षा तो मुद्दा मोठा ठरेल.

आता कायदा. तुमचा प्रश्न नेहमीच्या प्रश्नांपेक्षा वेगळा आहे, कारण बहुतेक लोक गाडी घरी आणल्यावर माझ्याकडे येतात आणि तुम्ही आधी आला आहात. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार त्या मालाचा व्यापारी वर्णनावरून माल विकतो तेव्हा माल विक्रीयोग्य दर्जाचा असेल ही अट न लिहिताही करारात असते. पण त्याच कलमात एक परंतुक आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता, त्या दोषापुरती ही अट लागू होत नाही. थोडक्यात, तुम्ही गंज पाहिलात, फोटो काढलेत आणि काही न बोलता गाडी घेतलीत, तर उद्या डीलरचा वकील तुमचेच फोटो तुमच्यासमोर ठेवून विचारेल, “बाई, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?” ग्राहक कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे, दर्जातली कोणतीही उणीव तीत बसते, त्यामुळे दावा लगेच बुडेल असं नाही. पण तो लंगडा होईल.

न घेण्याच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे. वस्तू विक्री कायद्याचंच कलम ४१ म्हणतं, तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने माल स्वीकारला असं धरलं जात नाही. आणि कलम ४३ नुसार माल नाकारायचा असेल तर तो परत नेऊन देण्याचीही गरज नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे.

बुकिंग फॉर्म काढून एक गोष्ट बघा: त्यावर चॅसिस नंबर लिहिलाय का? बहुधा नसेल. मॉडेल, व्हेरिएंट, रंग एवढंच असतं. म्हणजे तुमचा करार ‘त्या मॉडेलची एक नवी गाडी’ घेण्याचा आहे, यार्डात उभी असलेली तीच गाडी घेण्याचा नाही. डीलरने दाखवलेली गाडी नाकारून त्याच वर्णनाची दुसरी मागणं म्हणजे करार मोडणं नव्हे. करार पाळा असं सांगणं आहे.

म्हणूनच पत्रात ‘बुकिंग रद्द करत आहे’ असं चुकूनही लिहू नका. सेल्समन तुमच्याकडून नेमकं तेच वदवून घेऊ पाहतोय. तुम्ही आपण होऊन रद्द केलंत, की फॉर्मवरच्या छापील अटी दाखवून तो रक्कम कापणार. तुम्ही दुसरी गाडी मागितलीत आणि त्याने ती दिली नाही, तर करार न पाळणारा तो ठरतो, आणि न पाळणाऱ्याला समोरच्याचे पैसे अडवता येत नाहीत. मजकूर साधारण असा ठेवा, अण्णांच्या सहीने:

“अमुक तारखेला आपण यार्डात दाखवलेल्या, चॅसिस क्रमांक अमुक असलेल्या गाडीच्या ड्रायव्हर सीटच्या रेलवर व बोल्टवर आणि डिकीत स्टेपनीच्या जागी जोडाच्या कडेला गंज आढळला. फोटो सोबत जोडले आहेत. सदर गाडी मी नाकारत आहे. बुकिंगप्रमाणे त्याच मॉडेलची, गंजविरहित दुसरी गाडी सात दिवसांत दाखवावी. ते शक्य नसल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत करावी. माझ्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही गाडीचे इनव्हॉइस, विमा किंवा नोंदणी माझ्या नावे करू नये.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘मुहूर्त चुकू नये म्हणून’ डीलर परस्पर इनव्हॉइस आणि विमा करून मोकळे होतात, आणि मग ‘आता नंबरपण पडला’ म्हणतात. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के कर आहे. म्हणजे तुमच्या गाडीला नुसता कर लाखाच्या वर जातो. एमएच-१० ची, म्हणजे सांगलीची नोंदणी झाली की ती गाडी कागदावर जुनी झाली. मग ती परत घेणं डीलरला परवडत नाही आणि तो शेवटपर्यंत भांडतो. नोंदणीआधी मात्र तीच गाडी तो साफ करून दुसऱ्या कुणाला तरी देऊ शकतो, म्हणून तडजोडीला तयार होतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण व्यवहार असा आहे.

पत्र ईमेलनेही पाठवा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही. एक प्रत गाडीच्या कंपनीला जाऊ द्या. याचं कारण २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा गोव्यातल्या एका गाडीचा निकाल. खरेदीदाराला २०११ चं मॉडेल हवं होतं, मिळाली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली. न्यायालयाने डीलरची जबाबदारी कायम ठेवली, पण कंपनीला सोडलं. डीलर काय करतोय हे कंपनीला ठाऊक होतं, हे सिद्ध झालं नव्हतं. तुमचं पत्र वेळेत कंपनीच्या टपालात पडलं तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

अण्णांची दसऱ्याची इच्छा मी समजू शकतो. दुसरी गाडी तोवर मिळाली तर उत्तमच. तरीही हीच गाडी घ्यायची असं घरात ठरलं, तर निदान काही लेखी पदरात पाडून घेतल्याशिवाय ती घेऊ नका. ‘साफ करून देतो’ हे तोंडी आश्वासन शून्य किमतीचं आहे. कोणता भाग बदलणार, कोणत्या भागावर गंजरोधक कोटिंग मारणार, त्या जागी गंज परत आला तर किती वर्षं मोफत दुरुस्त करणार, हे लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी घ्या. शिवाय डिलिव्हरी नोटवर ‘वाहन तपासून सुस्थितीत ताब्यात घेतले’ अशा अर्थाची एक ओळ बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेली असते. पेढा खाता खाता लोक तिथे सही करतात. त्या ओळीखाली स्वतःच्या हाताने गंजाच्या जागा लिहा, मग सही करा, आणि त्या पानाचा तिथेच फोटो घ्या. वॉरंटी पुस्तिकाही आधी वाचा. बहुतेक वॉरंटीत हवामानामुळे आलेला वरवरचा गंज वगळलेला असतो, पत्रा आतून गंजून भोक पडलं तरच वॉरंटी लागू होते.

घेतल्यावर भांडायची वेळ आली तर काय मिळेल, याचाही अंदाज असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केलं आहे की वॉरंटी दोषी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर सरसकट गाडी बदलून मागता येत नाही. सीटची रेल बदलता येते. म्हणजे तुमच्या पदरात बहुधा रेल आणि थोडी नुकसानभरपाई पडेल, नवी गाडी नाही. दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवालही लागेल.

डीलरने पत्राला दाद दिली नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बुकिंगच्या रकमेएवढी प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात. नाही मिटलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. फॉर्मवर ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ छापलेलं असेल, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. गाडी घेतल्यावर तक्रार केलीत तर पाच ते दहा लाखांच्या गटात दोनशे रुपये. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. तारखा त्याहून जास्त पडतात, हे मनाशी धरूनच उतरा. बुकिंग अण्णांच्या नावावर आहे, तेव्हा तक्रारही त्यांच्याच नावे असू द्या.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेले चालणार नाहीत असं नाही, पण मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका आणि रीसेटही करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते त्या फोनच्या आधारेच करायचं असतं. सेल्समनशी यापुढे जे बोलायचं ते मेसेजवर बोला. फोन आलाच, तर ठेवल्यावर लगेच ‘आत्ता आपण असं म्हणालात’ असा मेसेज टाका.