संभाजीनगर आणि लातूर मिळून व्हीसेंटर एक ठेवावे की दोन?

व्हीसेंटर म्हणजे सगळे होस्ट आणि व्हीएम एका जागेवरून सांभाळणारे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर. तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: पतसंस्थेच्या संभाजीनगरच्या मुख्यालयात चार ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरवर चालणारे सर्व्हर), लातूरला दोन, दोन्हीकडे मिळून साठेक व्हीएम, म्हणजे त्यांच्यावरची व्हर्च्युअल मशीन. सध्या व्हीसेंटरची ६.७ आवृत्ती चालू आहे आणि पीएससी (लॉगिन आणि परवाने सांभाळणारा व्हीसेंटरचा भाग) वेगळ्या व्हीएमवर आहे. नवीन मांडणीसाठी आलेल्या प्रस्तावातही दोन बाह्य पीएससी आणि त्यांच्यापुढे काम वाटून देणारा लोड बॅलन्सर आहे. हे घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

घेऊ नका. बाह्य पीएससीची पद्धत २०१५ साली ६.० मध्ये आली आणि २०२० साली ७.० मध्ये व्हीएमवेअरनेच ती काढून टाकली. विंडोजवरचे व्हीसेंटरही तेव्हाच गेले. ६.७ चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला, ७ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यामुळे पीएससी आत सामावलेले ८ चे अप्लायन्स (तयार व्हीएमच्या रूपात येणारे व्हीसेंटर) हाच सरळ रस्ता आहे. ६.७ च्या नंतरच्या अपडेट्समध्ये कन्व्हर्ज टूल मिळते. त्याने पीएससी आधी व्हीसेंटरच्या आत घ्या आणि मगच ८ कडे वळा.

आता एक की दोन. मी वाळूजच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो आणि कुठल्याही मांडणीआधी एकच प्रश्न विचारतो: दोन गावांमधली लाइन तुटली तर तिकडच्या माणसाला काय काय करता आले पाहिजे? आपल्याकडे रस्त्याचे काम निघाले की फायबर तुटते आणि जोडून मिळायला दिवस जाऊ शकतो. म्हणून हा प्रश्न आधी सोडवावा.

व्हीसेंटर दिसेनासे झाले तरी व्हीएम बंद पडत नाहीत. व्हीस्फिअर एचए एकदा लावले की ते होस्टवरच्या एजंटमधून चालते, त्यामुळे लातूरचा एक होस्ट पडला तर त्याचे व्हीएम दुसऱ्यावर उठतात. थांबतात ते व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणे), डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणे) आणि एका जागी बसून होणारे व्यवस्थापन. एखादा व्हीएम बंद-चालू करायचा असेल तर होस्टच्या पत्त्यावर ब्राउझरमधून थेट लॉगिन होते. लातूरला तेवढेच लागत असेल तर दोन होस्टसाठी वेगळे व्हीसेंटर उभारणे हा फुकटचा भार आहे. संभाजीनगरचे एकच पुरेल. सर्वांत लहान, म्हणजे टायनी आकार दहा होस्ट आणि शंभर व्हीएमपर्यंत चालतो. ८ मध्ये त्याला दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १४ जीबी मेमरी लागते.

पण लातूर ही तुमची डीआरची (आपत्तीनंतर काम सावरण्याची) जागा असेल आणि मुख्यालय बंद पडल्यावर तिथून कामकाज उभे करायचे असेल, तर माझे मत ठामपणे दोन स्वतंत्र व्हीसेंटरकडे आहे. संकटात ज्याची गरज लागणार, ते संकट आलेल्या जागेवर असून चालत नाही. दोन्ही लिंक्ड मोडने जोडायची घाई करू नका. एका लॉगिनमध्ये सगळे दिसते, हे खरे. पण मग स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेताना जोडलेली सगळी व्हीसेंटर एकाच वेळी बंद करून घ्यावी लागतात. पुढे गरज वाटली तर नंतरही जोडता येतात.

व्हीसेंटर एचएचे, म्हणजे व्हीसेंटरचीच जादा प्रत तयार ठेवण्याच्या सोयीचे, नावही तुमच्या प्रश्नात आहे. त्यात अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह आणि विटनेस असे तीन नोड येतात, आकार किमान स्मॉल लागतो आणि नोडमधला विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत हवा. लातूरच्या लाइनवर त्याची खात्री कोण देणार? तुमच्यासाठी वर सांगितलेल्या साध्या व्हीस्फिअर एचएने व्हीसेंटर दुसऱ्या होस्टवर उठणे पुरेसे आहे.

खरी काळजी विजेची घ्या. उन्हाळ्यात लाइट गेली, यूपीएस संपला आणि अख्खा क्लस्टर बंद झाला, तर उठवण्याचा क्रम ठरलेला हवा. व्हीसेंटरला स्वतःचे नाव डीएनएसमध्ये (नावे आणि पत्ते जुळवणारी सेवा) सरळ आणि उलट, म्हणजे नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्ही बाजूंनी सापडावे लागते, आणि तुमचा डीएनएस बहुधा त्याच क्लस्टरमधला व्हीएम असणार. म्हणून आधी डीएनएस, मग व्हीसेंटर, मग बाकीचे. व्हीसेंटर नेहमी एका ठरावीक होस्टवर राहील असा डीआरएसचा ‘शुड’ (शक्यतो पाळायचा) नियम लावा, म्हणजे अंधारात चार होस्ट धुंडाळावे लागणार नाहीत. डिस्ट्रिब्यूटेड स्विच (सगळ्या होस्टना मिळून एक आभासी नेटवर्क स्विच) वापरत असाल तर व्हीसेंटरसाठी इफेमरल बाइंडिंगचा पोर्ट ग्रुप (स्विचवरच्या पोर्टचा गट) ठेवा, त्यात पोर्ट होस्टकडूनच मिळतो. स्टॅटिक बाइंडिंगमध्ये नवा पोर्ट व्हीसेंटरच देते आणि बंद पडलेले व्हीसेंटर तो कुठून देणार? हा क्रम, होस्टचे पत्ते आणि रूट पासवर्ड कुठे ठेवला आहे ते कागदावर लिहून कपाटात ठेवा.

बॅकअपसाठी व्हीसेंटरच्या ५४८० पोर्टवरच्या पानातून रोजचे वेळापत्रक लावा आणि फाइल्स एसएफटीपीने (सुरक्षितपणे फाइल पाठवण्याची पद्धत) दुसऱ्या गावी पाठवा: संभाजीनगरच्या लातूरला, लातूरच्या इकडे. रिस्टोअर करताना बॅकअप ज्या आवृत्तीचा, त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर लागतो, म्हणून ती आयएसओ फाइलही सोबत जपून ठेवा. दर अपडेटनंतर ती बदलायला विसरू नका.