कॅरव्हान पार्क चालवायचं असेल तर आधी मॅनेजरचं घर बघा

ताई, तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियात येऊन समुद्रकाठचं एखादं छोटं कॅरव्हान पार्क (गाडीमागे जोडलेली चाकांवरची घरं उभी करायची आणि केबिन भाड्याने घ्यायची सुट्टीची जागा) घ्यावं का, आणि त्यात संसार कसा होतो. आम्ही न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर हेच काम करतो, मुलं पार्कमध्येच वाढली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

व्हिसाचं आधी सांगते, कारण बहुतेकांचा बेत तिथेच अडतो. पैसे घालून धंदा विकत घेतला की राहायला मिळतं, हा समज आता सोडून द्या. धंदेवाल्यांचा आणि गुंतवणूकदारांचा 188 क्रमांकाचा व्हिसा जुलै 2024 मध्ये नव्या अर्जांसाठी कायमचा बंद झाला. उरते ती नोकरीची वाट. मालकाने स्पॉन्सर केलेला 482, ज्याचं नाव डिसेंबर 2024 पासून ‘स्किल्स इन डिमांड’ झालं, किंवा मोठ्या शहरांबाहेरच्या भागांसाठीचा 494. या 494 वर तीन वर्षं काढून अटी पूर्ण केल्या की 191 हा कायमचा व्हिसा मागता येतो. कॅरव्हान पार्क मॅनेजर हा इथल्या सरकारी वर्गीकरणात स्वतंत्र व्यवसाय आहे, पण तो कुठल्या व्हिसाला चालतो ते बदलत राहतं. नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटकडून ते लेखी घ्या.

म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या पार्कवर नोकरी कराल. ही वर्षं वाया गेली असं तुम्हाला वाटू शकेल. माझं मत अगदी उलट आहे. विकत घेण्याची सोय असती तरी मी तुम्हाला आधी नोकरीच करा म्हटलं असतं. इथे धंद्याच्या आत घर असतं, आणि ते आपल्या माणसांना मानवतं की नाही हे राहिल्याशिवाय कळत नाही.

मॅनेजरचं घर बहुतेक पार्कांत ऑफिसच्या मागे किंवा वर असतं. पार्क बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल आणि केबिन नंतर बघा, आधी या घराचं दार कुठे उघडतं ते बघा. घरात शिरायला ऑफिसमधूनच जावं लागत असेल तर तुमचा दिवस कधीच संपणार नाही. स्वयंपाकघराची खिडकी चेक-इनच्या रांगेकडे आहे का, मुलांना खेळायला कुंपणातली स्वतःची थोडी तरी जागा आहे का, ऑफिस बंद झाल्यावर फोन कुणाच्या उशाशी वाजतो, हे विचारा. रात्री साडेनऊला कुणीतरी पोचतं आणि गेटचा कोड सापडत नाही म्हणून फोन करतं. कॅरव्हानच्या जागेला साधारण 15 अँपिअरची वीज असते. थंडीत कुणी एकाच वेळी हीटर, केटल आणि मायक्रोवेव्ह लावला की ती जाते, आणि टॉर्च घेऊन तुम्ही बाहेर. दहानंतर शांतता हा बहुतेक पार्कांचा नियम, पण तो पाळायला लावणारं माणूस तुम्हीच. ही कामं अवघड नाहीत. ती जेवणाच्या, झोपवण्याच्या आणि तापात मूल कण्हत असण्याच्या वेळी येतात, हा खरा भार आहे.

आम्ही एक नियम केला आणि तो कधी मोडला नाही: एका रात्री फोन एकाकडेच. दुसऱ्याने काही झालं तरी उठायचं नाही. ज्या घरांत दोघंही प्रत्येक घंटीला उठतात, तिथे दोन-तीन हंगामांत नवराबायको एकमेकांशी फक्त टॉयलेट ब्लॉक आणि बुकिंगबद्दल बोलू लागतात. असं झालेलं मी जवळून पाहिलं आहे.

दिवसाचा आकार तुमच्या लक्षात यावा म्हणून सांगते. पाहुण्यांनी दहाला जागा सोडायची आणि नव्यांनी दोनला यायचं, अशी वेळ साधारण सगळीकडे असते. मधल्या चार तासांत सगळ्या केबिन झाडून-पुसून, चादरी बदलून तयार हव्यात. त्याआधी सकाळी टॉयलेट-बाथरूम धुणं, पूलच्या पाण्याची तपासणी, कचरा, गवत, गॅसच्या 9 किलोच्या बाटल्या बदलून देणं. मदतीला माणूस घ्यायचं तर 1 जुलै 2025 ला देशाचं किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं, कॅज्युअल म्हणजे लागेल तेव्हा बोलावलेल्या कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त, वर 12 टक्के निवृत्तिनिधी, आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दर आणखी चढतो. म्हणूनच छोट्या पार्कांत घरचीच माणसं राबतात. पार्क विकणारा मालक हिशेब दाखवून नफा सांगेल तेव्हा त्यात त्याच्या बायकोचा पगार धरला आहे का, एवढं अवश्य विचारा.

आता मुलं. मी मनापासून सांगते, आमच्या मुलांना या आयुष्याने खूप दिलं. नदी, सायकली, मोकळी जागा, दर सुट्टीत नवे सवंगडी. अनोळखी मोठ्या माणसांशी ती नजर न चुकवता बोलतात. पण शनिवारी जमलेली मैत्री पुढच्या शनिवारी गाडीला जोडून निघून जाते, आणि लहान मुलाला हे दर वेळी नव्याने लागतं. म्हणून शाळेतली मैत्री जपायला मुद्दाम वेळ काढावा लागतो. शाळेच्या मुलांना घरी बोलवा, त्यांच्या घरी सोडायला जा, कामाच्या दिवशीसुद्धा. तुमची नऊ वर्षांची मुलगी पहिल्याच उन्हाळ्यात पाहुण्यांना नळ कुठे, दुकान कुठे हे सांगू लागेल, आणि लोक तिला हाक मारून कामं सांगतील. तिला नको असेल तेव्हा ‘ऑफिसमध्ये विचारा’ म्हणायची मुभा द्या. धाकट्याला आल्याआल्या पोहायला शिकवा, यात दिरंगाई नको. पार्कात गाड्यांचा वेग मर्यादित असला तरी मोठी कॅरव्हान मागे घेणाऱ्याला लहान मूल दिसत नाही, हेही दोघांच्या डोक्यात पक्कं बसवा.

तात्पुरत्या व्हिसावर असताना न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत अनेक कुटुंबांना फी भरावी लागते. 482 वर असाल तर भारताशी करार नसल्यामुळे मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवाही मिळत नाही, खासगी आरोग्यविमा घ्यावा लागतो. हे दोन्ही खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

सुट्ट्यांचं गणित मात्र फार कमी लोक आधी करतात. शाळांना सुट्टी लागते तेव्हाच पार्क भरतं: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत, ईस्टर, जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. तुमची मुलं घरी, आणि तुम्ही सगळ्यात कामात. दिवाळी बहुधा शाळेच्या दिवसांत येते, डिसेंबरची लग्नं तर विसराच. आम्हाला भारतात जायला निवांतपणा मिळतो तो मे-जूनमध्ये, आणि तेव्हा मुलांची शाळा बुडते. उत्तर क्वीन्सलंडमध्ये हे चक्र उलटं फिरतं. तिथे गर्दी जून ते ऑगस्टच्या कोरड्या हिवाळ्यात, दक्षिणेतले निवृत्त लोक कॅरव्हान घेऊन थंडीपासून पळून येतात तेव्हा, आणि उन्हाळ्यात पाऊस, चक्रीवादळं, शुकशुकाट. आईवडील थकलेले असतील आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांच्याजवळ असणं तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल, तर कुठल्या राज्यात नोकरी शोधायची याचा निर्णय यावरूनच करा.

विकत घेण्याबद्दल आत्ता थोडंच लिहिते. किनाऱ्यावरची बरीच पार्कं सरकारी किंवा कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, जमिनीवर आहेत, तिथे जमीन मिळत नाही, फक्त उरलेल्या वर्षांपुरता चालवण्याचा हक्क मिळतो. शिवाय पार्कात दोन प्रकारची माणसं आधीपासून असू शकतात. काहींचा व्हॅन कायम उभा असतो पण ते सुट्टीपुरते येतात, त्यांना आमच्या राज्याचा 2002 चा कायदा लागू होतो आणि वर्षात 180 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. काहींचं ते कायमचं घर असतं, त्यांना 2013 चा रहिवाशांचा कायदा लागू होतो आणि त्यांचे हक्क भक्कम आहेत. हे वृद्ध रहिवासी तुमचे शेजारी होतात. त्यांच्याकडे जागा रिकामी करण्याचा आकडा म्हणून बघणाऱ्या खरेदीदारांचा मला राग येतो.

आणि आग, पूर. ही पार्कं नदीकाठी, झाडीत, समुद्रालगत असतात, तेच त्यांचं आकर्षण. जानेवारी 2020 च्या सुरुवातीला न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वणव्यांमुळे बेटमन्स बे या गावापासून शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेपर्यंत पर्यटकांना निघून जायला सांगितलं गेलं. वर्षाच्या कमाईचा आठवडा, आणि पार्क रिकामं. अशा दिवशी मॅनेजर शेवटी निघतो. म्हणून दोघांपैकी मुलांना घेऊन आधी कोण बाहेर पडेल, कुठे जाईल, हे उन्हाळा लागायच्या आत ठरवून ठेवा. विम्याचा हप्ता आणि त्यात पूर धरला आहे का, हे पार्क बघायला जाण्याआधीच विचारा.

नोकरीची जाहिरात बघताना ‘कपल’ असा शब्द दिसेल, म्हणजे जोडपं हवं आहे. तेव्हा चार गोष्टी करारात लिहून घ्या. दोघांना वेगवेगळा पगार आहे की दोघांचं काम एका पगारात धरलंय. घराचं भाडं कापलं जातं का, आणि नोकरी सुटली तर घर किती दिवसांत सोडायचं. सुट्टीचे दोन दिवस सलग आहेत का, आणि त्या दिवशी तुम्ही पार्कबाहेर गेलात तर बदली माणूस कोण. रात्रीचा फोन कामाचा वेळ म्हणून मोजतात का. या चारांपैकी पहिल्याला मालकाने टोलवाटोलवी केली, तर पुढचं विचारू नका, दुसरं पार्क बघा. उन्हाळ्याची माणसं पार्कं आधीच ठरवून ठेवतात, तेव्हा चौकशी ऑगस्टपासून सुरू करा, आणि शक्य झालं तर तुमच्या मिस्टरांना एकट्याला आधी पाठवू नका. दोघं मिळून बघा, मुलांना घेऊन.