१२ लाखांत जुनी ई-क्लास, ५ सिरीज की ए६? सोलापुरात राहणाऱ्याला माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता सोलापुरात, महिन्यातून दोन-तीनदा पुणे, अधूनमधून हैदराबाद, मागच्या सीटवर आई-वडील, बजेट १२ लाख. मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीज आणि ऑडी ए६ यांपैकी कोणती जुनी गाडी त्रास न देता चालेल?

मी सोलापुरातच मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातातल्या आणि पाण्यात गेलेल्या गाड्या उघडलेल्या अवस्थेत बघायच्या आणि दुरुस्तीचं एस्टिमेट ओळीनं तपासायचं, हेच माझं काम. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, पण तुमचे पैसे मोठे आहेत.

आधी सरळ उत्तर. आई-वडिलांचा आराम आणि हायवेचा प्रवास हेच मुख्य असेल तर २०१३ नंतरची ई २५० सीडीआय घ्या. मर्सिडीजच्या ताऱ्याचा फार आग्रह नसेल तर स्कोडा सुपर्ब २.० टीडीआय घ्या, तुमच्या यादीत ती नसली तरी. ५ सिरीज घ्यायची तर १९० अश्वशक्तीचीच, ए६ घ्यायची तर २०१५ च्या बदलानंतरचीच. आणि यातली कुठलीही घेतली तरी १२ च्या १२ लाख गाडीत घालू नका. साडेनऊची गाडी बघा, अडीच लाख बाजूला ठेवा. चार टायर, सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म, गिअरबॉक्सचं ऑईल, बॅटरी, ब्रेक डिस्क ही कामं पहिल्या वर्षातच समोर येतात. मालकाने गाडी विकायला काढलेली असते ती बऱ्याचदा याच खर्चाच्या तोंडावर.

याचं कारण साधं आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ई-क्लास नवी असताना चाळीस लाखांच्या पुढची होती. आज ती तुम्हाला त्याच्या पाव किमतीत मिळेल, पण तिचा हेडलाइट, एअरबॅग, इंजेक्टर चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात.

आता विम्याचं ऐका, कारण जुनी गाडी घेणारे नेमकं हेच विचारत नाहीत. क्लेम मंजूर करताना गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो, १० वर्षांच्या वर गेली की ५० टक्के. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा जोड) घेतलं तर बहुतेक भागांवर हा घसारा लागत नाही, पण ते साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला सहज मिळतं, दहा वर्षांच्या गाडीला मिळणं अवघड. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या कशा चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला. अशा ट्रॉलीवर पुढून गाडी घासली की बंपर, ग्रिल, हेडलाइट, बंपरमागचे सेन्सर, एसीचा कंडेन्सर हे सगळं एका झटक्यात जातं. बंपर, ग्रिल, हेडलाइट हे प्लास्टिकचे, म्हणून त्यांचं निम्मं बिल तुमच्या खिशातून. हा हिशेब गाडी घेण्याआधी करा. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन जरूर घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही.

आता गाड्या. ई-क्लासची ही पिढी २००९ ते २०१६ मध्ये आली, चाकणच्या कारखान्यात जुळवलेली, २०१३ मध्ये चेहरा बदलला. ई २५० सीडीआयमध्ये २१४३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल आहे, २०४ अश्वशक्तीचं. जरा घरघर करतं, पण लांब पळायला दणकट आहे. याच इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत पिझो प्रकारच्या इंजेक्टरांनी (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) जगभर त्रास दिला आणि कंपनीने नंतर सोलेनॉइड इंजेक्टर आणले. २०१३ नंतरची घ्या म्हणतो ते मुख्यतः यासाठी. एअर सस्पेन्शनची गाडी मात्र घेऊ नका, साध्या स्प्रिंगचीच घ्या. इथल्या उंच गतिरोधकांवर आणि एप्रिल-मेच्या ४२ अंशांत रबराच्या एअर बॅगा लवकर थकतात आणि त्या स्वस्त नाहीत. मागची सीट, एसी, आवाजबंदी या तिन्हींत ही गाडी आजही कमी पडत नाही. तुमच्या आई-वडिलांना पुण्याला उतरल्यावर पाठ धरल्याची तक्रार करावी लागणार नाही.

५ सिरीज चालवणाऱ्यासाठी उत्तम आहे, आणि तुम्ही स्वतः चालवणार असाल तर मोह होणारच. पण २०१० साली आलेल्या या पिढीच्या सुरुवातीच्या ५२०डीमध्ये एन४७ नावाचं १८४ अश्वशक्तीचं इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन (वाल्व वेळेवर उघडणारी-मिटणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन किंवा तिचे गाईड झिजले की नुसतं झाकण काढून काम होत नाही, इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि दुर्लक्ष करून ती तुटली तर वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिनच गेलं. पुढचं बी४७ इंजिन १९० अश्वशक्तीचं. म्हणून आरसीवरच्या वर्षापेक्षा इंजिन बघा. १८४ ची गाडी फारच आवडली तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करायला सांगा. तुम्ही पोहोचाल तेव्हा बॉनेट गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन सुरू होताना मागच्या बाजूने खडखड किंवा साखळी ओढल्यासारखा आवाज आला तर तिथेच विषय संपवा. गिअरबॉक्स मात्र या गाडीचा गुणी आहे, झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा. त्याचं ऑईल आयुष्यभर चालतं असं विक्रेते सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑईल बदलायला सांगते. बिलात हा बदल दिसला तर समजा मालक गाडीची काळजी घेणारा होता. टायरही बघा. रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) असले तर डिकीत स्टेपनी बहुधा नसते, आणि रात्री पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीच्या आसपास टायर फाटला तर तो साईज जागेवर मिळत नाही.

ए६ दिसायला सुंदर, आतलं काम फार सुबक. पण जुन्या २.० टीडीआयमध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. ऑडीने तो पुढे बंदच केला आणि २०१५ पासून सात गिअरचा एस-ट्रॉनिक दिला. मल्टिट्रॉनिक बिघडला तर सोलापुरात कोणी हात लावत नाही आणि पुण्यातही पूर्ण बदलण्याचाच सल्ला मिळतो. ऑडी ज्या फोक्सवॅगन गटाची, त्या गटाच्या डिझेल प्रदूषण-चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात भारतात २००८ ते २०१५ मधल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, तेव्हा त्या काळातली गाडी घेताना ते काम झालंय का हे चासी नंबरवरून अधिकृत सेंटरमध्ये विचारून घ्या.

जग्वार एक्सएफ आणि व्होल्वो यांच्याबद्दल कोणीतरी सुचवेलच. गाड्या वाईट नाहीत, पण इथे इतक्या कमी आहेत की पार्टसाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. तुम्हाला ती रोज लागणार आहे.

सुपर्बचा आग्रह का, ते सांगतो. २०१६ ची नवी पिढी, २.० टीडीआय, १७७ अश्वशक्ती, छत्रपती संभाजीनगरला जुळवलेली. मागे पाय पसरून बसता येतं, डिकी ६२५ लिटरची. डिझेलला सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, त्याचं ऑईल ६० हजार किलोमीटरला बदललेलं असलं की तो मुकाट चालतो. पेट्रोल १.८ टीएसआयला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी येतो. शहरातल्या रांगत्या गर्दीत आणि उन्हाळ्यात त्याचा क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं युनिट) लवकर कुरकुर करतात. म्हणून सुपर्ब घ्यायची तर डिझेलच. शिवाय स्कोडाही फोक्सवॅगन गटाचीच, आणि या गटाच्या ऑक्टाव्हिया, पासाट वगैरे गाड्या पुष्कळ विकल्या गेल्यामुळे पार्ट आणि हात बसलेला मेकॅनिक दोन्ही त्यामानाने लवकर मिळतात. कंपनीने २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर भारतात डिझेल बंद केलं, त्यामुळे चांगली सुपर्ब टीडीआय हाती असलेला माणूस ती सहज सोडत नाही. शोधायला वेळ लागेल, द्या.

गाडी कुठून घ्यायची? दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, हैदराबादच्या तर आपल्याला हाकेच्या अंतरावर. पण परराज्यातली गाडी आणली की तिथल्या आरटीओची एनओसी, नवीन एमएच-१३ पासिंग आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला हा कर १५ टक्के आहे. जुनीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी हिशेब गाडीच्या मूळ किमतीवरूनच सुरू होतो. स्वस्तपणा तिथेच जिरतो. पुण्यातली एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची, एका मालकाची, एकाच वर्कशॉपची बिलं असलेली गाडी दीड लाख महाग मिळाली तरी ती घ्या.

बुडालेल्या गाड्यांबद्दल पोटतिडकीने सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा-मोहोळ भागात थैमान घातलं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि भंगार लिलावात जातं. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. या गाड्यांत डझनांनी कंट्रोल युनिट (छोटे संगणक) असतात, पाणी लागलेलं युनिट सहा महिन्यांनी, वर्षाने दगा देतं, आणि एअरबॅगचं युनिट दगा देतं तेव्हा माणूस जातो. म्हणून लाजू नका, तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, आतल्या टोकाला मातीची रेघ किंवा डाग दिसतो. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खोलगट भागात बघा. ५ सिरीजची बॅटरी डिकीतच असते, तिच्या आसपासच्या जोडण्या हिरव्या पडल्यात का ते बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले असतील तर पाणी तिथवर आलं होतं. पुढचा गालिचा दाबला की खालचा फोम ओलसर किंवा कडक लागतो.

कागदांत सगळ्यात आधी मालकाची मागची पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. ५० टक्के असेल तर त्या मालकाने सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर का, हे विचारा आणि उत्तर पटेपर्यंत विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळणार नाही, पण गाडीचा इतिहास तो सांगून जातो. रनिंग मीटरवर विश्वास ठेवू नका. चासी नंबरवरून अधिकृत सेंटरमधली सर्व्हिसची नोंद काढा आणि स्कॅनर लावून इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस या युनिटांमधले किलोमीटर एकमेकांशी जुळतात का बघा. मीटर मागे करणारा सगळीकडचा आकडा बदलत नाही. बँकेचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन बाकी आहे का, ते परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं.

तपासणीला स्वतःचा माणूस न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा. पुण्याहून घेत असाल तर तपासणीनंतर तीच गाडी इंदापूरपर्यंत आणून परत न्यायला परवानगी मागा. पुढच्या सीटवर आईला बसवू नका, मागे बसवा, त्यांनाच विचारा. तासभर हायवेवर पळाल्यावर कूलंटचं तापमान स्थिर राहतं का, टोलनाक्यावर थांबून पुन्हा उचलताना गिअर झटका देतो का, हे दोन्ही तेवढ्यात कळतं. मालक इतकं चालवू द्यायला तयार नसेल तर पुढची गाडी बघा, घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

व्यवहार झाल्यावर आरसी आणि पॉलिसी दोन्ही लगेच नावावर करून घ्या. पॉलिसीसाठी १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं. दरम्यान अपघात झाला आणि पॉलिसी जुन्याच्याच नावावर असेल तर तुमच्या गाडीचं नुकसान मिळवताना फार ओढाताण होते. ई २५० आणि सुपर्ब यांपैकी एखादी ठरली तर तिचं वर्ष, रनिंग आणि पॉलिसीवरचा बोनस इथे लिहा, मी बघून सांगतो.