कोजागरीला ‘आवाज ओळखा’ स्पर्धा घ्यायची आहे. आवाज कोणते निवडावेत आणि गुण कसे द्यावेत?

तुमच्या गच्चीवर चाळीस-पन्नास माणसं जमतात, हाउजी आणि अंताक्षरीचा कंटाळा आलाय, म्हणून यंदा रोजच्या जगण्यातले आवाज मोबाइलवर टेप करून ते ओळखायला लावायचे, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही नागपुरात, प्रतापनगरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, हा खेळ तीन कोजागरींना घेतला. पहिल्यांदा तो सपशेल पडला होता. तिथूनच सांगते.

त्या वर्षी मी कुकरची शिट्टी, दाराची बेल, मिक्सर, स्कूटरचा हॉर्न असं गोळा केलं होतं. आवाज सुरू व्हायच्या आत पोट्टे ओरडून मोकळे. मग भीती वाटली की फारच सोपं झालं, म्हणून पुढचे पाच आवाज इंटरनेटवरून काढलेले, कुठले कुठले पक्षी आणि यंत्रं. ते कोणालाच येईनात, आणि उत्तर सांगितलं तर लोक ‘अच्छा’ म्हणून मसाला दुधाच्या पातेल्याकडे वळले. त्या ‘अच्छा’वरून मला कळलं की चूक कुठे झाली. उत्तर ऐकून माणसानं कपाळावर हात मारला पाहिजे. म्हणजे आवाज त्याच्याच घरातला हवा, रोज कानावर पडणारा, पण नुसता आवाज म्हणून कधी ऐकलेला नाही असा.

दुसऱ्या वर्षीचा आमचा हुकमी आवाज होता कूलर. मे महिन्यात एका दुपारी सहज टेप करून ठेवला होता. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसरात्र चालू असतो, आणि आम्ही सगळे त्याच आवाजात झोपतो, जेवतो, भांडतो. ऑक्टोबरात तोच आवाज गच्चीवर लावला तर एकालाही येईना. पाऊस म्हणाले, फुटाळा तलावातलं कारंजं म्हणाले, भजी तळणं म्हणाले. एक जण तर ठामपणे ‘विमान’ म्हणाला.

चुका वेड्यासारख्या नव्हत्या. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे हजारो थेंबांचे टपटप आवाज एकात एक मिसळलेले. भजी तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिचे बुडबुडे तेलात फुटतात, तेही हजारोंनी. कूलरमध्ये वुडवूलवरून, म्हणजे जाळ्यांत भरलेल्या लाकडाच्या बारीक कातरणांवरून, पाणी ठिबकतं आणि मागे पंखा घरघरतो. या सगळ्यांत धरून ठेवावा असा एक सूर नसतो, नुसती सळसळ असते. खिडकीत आभाळ दिसलं की तिचा पाऊस होतो, कढई दिसली की भजी. डोळ्यांचा आधार काढून घेतला की कान एकटा पडतो. म्हणून सळसळीचे आवाज जरूर ठेवा, पण दहात दोनच. तीन झाले की लोक वैतागतात.

तर कूलर कोणालाच आला नाही. मी उत्तर सांगणार, तेवढ्यात कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, टाकीतलं पाणी संपून राहिलं ना. पाइप लाव!” स्पर्धा चालू आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं, त्या मला काम सांगत होत्या. आणि खरंच, नीट ऐकलं तर शेवटच्या दोन सेकंदांत पंप हवा ओढायला लागल्याचा खुळखुळाट होता. टेप करताना तो मला स्वतःलाही जाणवला नव्हता. पूर्ण गुण दिले, वर दोन जास्त दिले. त्यावर थोडा वादही झाला.

याच सासूबाई त्याआधीच्या फेरीत शून्यावर होत्या. ती फेरी खास मुलांसाठी होती: मोबाइलच्या ॲपवरून १५,००० हर्ट्झचा एक बारीक सूर. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण वय वाढतं तशी वरची बाजू आधी झिजते. मुलं कानावर हात ठेवून ‘बंद करा ना’ म्हणत होती आणि साठीपुढचे सगळे एकमेकांकडे पाहत होते. ‘फसवून राहिले आपल्याला’ असा काकामंडळाचा निष्कर्ष निघाला. हा प्रयोग गमतीपुरता ठीक, पण गुण नका ठेवू. वयावर मार्क कापल्यासारखं होतं. आणि सूर थोडाच वेळ, हळू लावा.

उलटी फेरी मात्र नक्की ठेवा, जिथे म्हातारी माणसं जिंकतात. आम्ही पितळी स्टोव्हला पंप मारतानाचा आवाज ठेवला होता. मुलं म्हणाली सायकलची हवा, पंक्चर, स्प्रे. पन्नाशीपुढच्या बायकांच्या तोंडून एका सुरात ‘स्टोव्ह!’ आलं, आणि त्यातल्या एकीनं लगेच विचारलं, “पिन केली का आधी?” मुलांना मेट्रोचं दार बंद होतानाची टुंटुं एका झटक्यात आली, ती आजोबांना रेल्वेची अनाउन्समेंट वाटली. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा इतक्यात ती मुलांच्या कानाचा भाग झालीये, याचं मलाच जरा नवल वाटलं.

तुमच्या गावचा एक तरी आवाज ठेवा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. तोच बैल मी जिन्यासमोरच्या फरशीवर ओढून टेप केला. झाडून सगळ्यांनी ‘ट्रॉली बॅग’ लिहिलं, ‘पाहुणे आले’ असंही एकानं लिहिलं. उत्तर ऐकल्यावर जो गलका झाला, त्यानं खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

आमच्याकडे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत. पायानं चालवायच्या शिलाई मशीनचा आवाज लावला, तर ते म्हणाले, “मालगाडी होय. डायमंड क्रॉसिंगवरून जाऊन राहिली.” नागपूरला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रूळ एकमेकांना छेदतात, ते हे डायमंड क्रॉसिंग. काकांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की त्यानंतर आम्हाला सगळ्यांनाच त्या आवाजात डबे ऐकू यायला लागले. मशीन आहे म्हटलं तरी दोघं-तिघं मानेनात.

यातून सगळ्यात कामाचा नियम मिळाला: आधी चिठ्ठी, मग बोलणं. एकानं मोठ्यानं ‘पाऊस’ म्हटलं की बाकीच्यांच्या कानात पाऊसच पडतो, परत काढता येत नाही. आवाज दोनदा ऐकवा, वीस सेकंदांत प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठ्या गोळा झाल्या की मग हवं तेवढं ओरडा. खरी मजा त्या ओरडण्यातच असते, ती बुडवू नका. फक्त गुण त्याच्या आधी ठरलेले असू द्या.

गुणांसाठी दोन प्रश्न विचारा: वस्तू कोणती, आणि काय चाललंय? नुसतं ‘पाणी’ लिहिणाऱ्याला एक, ‘माठ भरतोय’ लिहिणाऱ्याला तीन. हे आधी जाहीर केलं नाही तर तुमची कोजागरी पंचायतीत जाईल. आमची गेली होती. ‘किसणी’ आणि ‘खोबरं किसणं’ यांत फरक किती, यावर दोन शेजाऱ्यांचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

माठावरून आठवलं. भांडं भरताना आवाज चढत जातो, कारण पाण्याच्या वर उरलेली हवेची जागा कमी होत जाते. अंधारातही बाटली भरत आली हे आपल्याला कळतं ते यामुळे. तेव्हा फक्त ‘कधी थांबवायचं ते सांगा’ अशीही एक फेरी होते: डोळे बांधून समोर तांब्या भरायचा, काठाच्या सगळ्यात जवळ जो थांबवेल तो जिंकला. खाली परात ठेवा. गरम आणि गार पाणी पेल्यात ओतून ‘यातलं गरम कोणतं’ हेही विचारा. गाराचा आवाज जरा टणक येतो, गरमाचा जरा मऊ. लोक आधी हसतात आणि मग बरोबर ओळखतात.

अवघड करायचं असेल तर आवाजाची सुरुवात कापा. १९४८ च्या सुमारास पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर नावाच्या इंजिनिअरनं घंटेच्या रेकॉर्डिंगमधला पहिला टोला काढून टाकला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटेना. मी देवघरातल्या घंटीवर हे करून पाहिलं. मोबाइलवरच्या साध्या एडिटिंग ॲपमध्ये पहिला पाव सेकंद उडवला. बासरी, हार्मोनियम, मोबाइलची रिंगटोन अशी उत्तरं आली. रोज संध्याकाळी ती घंटी वाजवणाऱ्या काकूंनी ‘हॉस्पिटलचं मशीन’ लिहिलं होतं.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: पंखा बंद, मोबाइल वस्तूपासून वीतभर लांब, सहा-सात सेकंद पुरतात, आणि ‘हां, चालू कर’ हे तुमचं वाक्य कापायला विसरू नका. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये टेप करू नका, तो बोलण्यासाठी बनवलाय, वरचे बारीक आवाज त्यात कापले जातात. फोनमधलं साधं रेकॉर्डर वापरा, फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऐकवायला एक बरा स्पीकर आणा; गच्चीवर मोबाइलचा आवाज वाऱ्यात जातो. एकूण दहा-बारा आवाज बस झाले. बक्षीस म्हणून आम्ही अर्धा किलो संत्रा बर्फी ठेवतो, ती जिंकणाऱ्याच्या वाट्याला एकच वडी येते.

आणि टेप केल्या केल्या फाइलला नाव द्या. माझ्या फोनमध्ये मागच्या जुलैतली एक फाइल आहे, नऊ सेकंदांची: कशावर तरी काहीतरी तीनदा घासलं जातं आणि मग ‘टक’. मी काय टेप केलं होतं ते मलाच आठवत नाही. तिसऱ्या वर्षी ती शेवटची म्हणून लावली. अठरा वेगवेगळी उत्तरं आली आणि परीक्षकाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी सगळ्यांना एकेक गुण दिला. घरातली सगळी कपाटं, डबे, कड्या, खिडक्या घासून आणि आपटून झाल्यात. आता फक्त पोटमाळा राहिलाय.