गोल्फ कोर्सवर पुढचा ग्रुप फार हळू खेळत असेल तर काय करावं? आणि नवशिक्यांनी रविवारी सकाळी कोर्सवर यावं का?

पुढच्यांना कसं सांगायचं, याचं उत्तर खाली देते. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. ‘नवशिक्यांमुळेच कोर्स तुंबतो’ हे तुम्ही गृहीत धरूनच विचारलंय, आणि हेच वाक्य मी चार लोकांसमोर तोंडावर ऐकून घेतलेलं आहे.

नवशिक्यांमुळे कोर्स तुंबत नाही. वाईट खेळणं वेगळं आणि हळू खेळणं वेगळं. कोर्स तुंबवतात ते वर्षानुवर्षं खेळून हाताला सवय झालेले आणि प्रत्येक फटक्याला टीव्हीवरच्यासारखी तयारी करणारे लोक. मी घड्याळ लावून बघितलंय, म्हणून एवढ्या ठामपणे लिहिते.

मी कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, तिथलं प्रॉडक्शन प्लॅनिंग मी बघते. पुण्याच्या कस्टमरांच्या नादानं मिस्टर गोल्फला लागले आणि त्यांच्या मागोमाग चाळिशीनंतर मीही शिकले. आठवडाभर गच्चीवर जाळी बांधून सराव आणि रविवारी पहाटे अंधारात गाडी काढून हायवेला लागायचं, असं आमचं चालतं. रविवार सोडला तर आम्हा दोघांना एकत्र सुट्टी नसते. कोर्सचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी आजही आमची उठबस आहे.

त्या रविवारी आम्ही दोघं, माझी एक मैत्रीण आणि तिचे मिस्टर असा फोरबॉल (चौघांचा ग्रुप) होता. आम्ही दोघी अगदी नव्या. नऊ होल झाल्यावर चहाला थांबलो, तेवढ्यात मागच्या फोरबॉलमधले एक ज्येष्ठ मेंबर आले. कोल्हापूरचेच, ओळखीचे, हँडिकॅप बारा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण बारा जास्त, म्हणजे बऱ्यापैकी खेळाडू). सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, राग मानू नका, पण शिकाऊ माणसानं आणि बायकांनी रविवारी सकाळी येऊच नये बघा. दुपारी मोकळं असतंय सगळं. आम्ही मागं ताटकळत बसतोय."

दुपारी मोकळं असतं, कारण एप्रिलच्या दुपारी त्या माळावर कुणी उभं राहू शकत नाही. आणि दर टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) आम्ही पोचायचो तेव्हा आमच्या पुढचा फोरबॉल अजून फेअरवेतच (टी आणि ग्रीनमधल्या गवताच्या पट्ट्यात) असायचा. आम्हीच थांबत होतो. मागून त्यांना ते दिसत नव्हतं, त्यांना फक्त आम्ही दोघी दिसत होतो. मिस्टर म्हणाले, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही.

पुढं मेंबरांच्या एका स्पर्धेत ड्रॉमध्ये तेच गृहस्थ माझ्या फोरबॉलमध्ये आले. मी स्टॉपवॉच लावलं. पाळी आल्यापासून बॉल निघेपर्यंत, त्यांचं आणि माझंही.

पहिला पार फोर (चार फटक्यांत पुरा व्हावा असा होल). त्यांचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा फटका, सगळ्यात लांब गेलेला, म्हणजे दुसरा फटका मारायची पाळी शेवटची. तोवर विचार करायला हवा तेवढा वेळ होता, तो त्यांनी आदल्या रात्रीच्या लग्नातल्या जेवणाचं वर्णन करण्यात घालवला. पाळी आल्यावर कॅडीला (बॅग उचलणाऱ्याला) अंतर विचारलं. गवत उपटून उडवलं. सात नंबरचा क्लब मागितला, तो हातात धरून पुन्हा गवत उडवलं, सात नंबर परत देऊन सहा नंबर घेतला. दोन प्रॅक्टिस स्विंग. बॉलजवळ उभे राहिले, मागं सरले, आणखी एक प्रॅक्टिस स्विंग. फटका बसेपर्यंत मिनिट उलटून गेलं होतं, आणि बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात.

ग्रीनवर तर विचारूच नका. हातातला ग्लोव्ह काढायचा, त्याची पट्टी उचकटल्याचा तो चर्रर्र आवाज, मग एकेक बोट सरळ करून घडी, मग मागचा खिसा. त्यानंतर होलच्या चारी बाजूंनी फेरी, दोनदा उकिडवं बसणं. वीतभर उरलेला पटसुद्धा (ग्रीनवरचा हलका फटका) जागेची खूण करून, बॉल पुसून, त्यावरची रेघ होलशी जुळवून. होल संपला की तिथंच ग्रीनवर उभं राहून कार्ड लिहिणं. बॅग ठेवलेली ग्रीनच्या अलीकडे, म्हणजे पुढच्या टीकडे जायच्या आधी उलटं चालत बॅगेपर्यंत. मागचा फोरबॉल फेअरवेत कमरेवर हात ठेवून उभा.

फटके मी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मारले, ते कार्डावर आहेच. पण माझा फटका साधारण अर्ध्या मिनिटात निघत होता. हे मला कॅडीनं शिकवलं होतं. तिथं वर्षानुवर्षं बॅग उचलणारा माणूस, पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मॅडम, बॉलकडं जाताना सात नंबर आन् आठ नंबर दोन्ही हातात घ्या. परत बॅगेकडं यायला नको." बाकीचे मारत असतानाच अंतर बघायचं, क्लब ठरवायचा, ग्लोव्ह घालून तयार राहायचं. एक प्रॅक्टिस स्विंग, मग फटका.

आता हिशेब बघा. अठरा होलांच्या राऊंडला ऐंशी फटके मारणारा खेळाडू दर फटक्याला एक मिनिट घेत असेल तर त्याची एकूण ८० मिनिटं होतात. एकशेदहा फटके मारणारा नवशिका दर फटक्याला ३५ सेकंद घेत असेल तर ६४ मिनिटं. तीस फटके जास्त मारूनही नवशिका पाव तास आधी मोकळा. आणि चौघांचा विचार केला तर आणखी वाईट: प्रत्येकी ९० धरले तर ३६० फटके, प्रत्येकाला फक्त दहा सेकंद जादा लागले तरी ३६०० सेकंद. पूर्ण एक तास! चार तासांचा राऊंड पाच तासांवर जातो तो असा, दहा-दहा सेकंदांनी. म्हणून तर ‘मी कुठं वेळ घालवला’ असं विचारणाऱ्याला तो खरंच कळलेला नसतो.

कार्ड देताना मी हा हिशेब त्यांना ऐकवला. ते म्हणाले, "वैनी, गोल्फ विचार करून खेळायचा खेळ हाय, फौंड्रीतलं प्रॉडक्शन न्हवं." हा वाद आमचा अजून मिटलेला नाही, तर इथंच उत्तर देते. फौंड्रीत भट्टीतून वितळलेल्या धातूनं भरलेलं लॅडल निघाल्यावर कुणी साचा शोधत बसत नाही. मोल्ड बंद करून, वर वजनं ठेवून, ओळीनं तयार असतात, कारण रस थांबत नाही. विचार सगळा आधी झालेला असतो. गोल्फमध्येही विचार करायला कुणाचीच ना नाही. तो आपली पाळी यायच्या आधी करा, एवढंच म्हणणं आहे.

आणि हे माझ्या मनाचं नाही, नियमातच आहे. २०१९ साली गोल्फचे नियम बदलले तेव्हा बॉल शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. अडथळा नसेल तर फटका ४० सेकंदांत मारावा, आणि एरवी त्याहूनही लवकर, अशी शिफारस नियम ५.६ मध्ये आली. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) जो तयार असेल त्यानं सुरक्षित बघून आधी मारावं, यालाही उत्तेजन दिलं गेलं. ग्रीनवरून पट मारताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी दंड नाही, हेही तेव्हापासूनच. आमच्याकडे मात्र अजून ‘होलपासून लांब कोण, आधी कोण’ यावर चर्चा चालते आणि झेंडा काढायला-लावायला चार फेऱ्या होतात.

हे खूळ आलं टीव्हीवरून. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत जे. बी. होम्स या व्यावसायिक खेळाडूनं शेवटच्या होलवर दुसऱ्या फटक्यासाठी चार मिनिटांहून जास्त वेळ लावला, आणि एवढं करून ग्रीनकडे न मारता बॉल अलीकडेच ठेवला. त्याच्यावर केवढी टीका झाली! आपल्या मेंबरांनी त्यातली टीका घेतली नाही, सवय घेतली. ‘बायकांनी दुपारी यावं’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २०२५ मध्ये एलपीजीए या महिलांच्या टूरनं वेळेचा नियम कडक केला. वेळ मोजायला सुरुवात झाल्यावर ठरलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांपर्यंत उशीर झाला तर पैशांचा दंड, सहा ते पंधरा सेकंदांना एक फटका, त्याच्या पुढं दोन फटके.

नवशिके असाल तर एवढं करा आणि खुशाल रविवारी सकाळी या. टीवरून बॉल झाडीत किंवा हद्दीबाहेर गेल्यासारखा वाटला की तिथंच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगून दुसरा बॉल मारा. तीनशे पावलं चालून गेल्यावर परत टीवर यायची वेळ येता कामा नये. आगेवाला (पुढं थांबून बॉल बघणारा) असेल तर निम्मं काम तोच करतो, पण तुमचा बॉल कुठल्या झाडाच्या रेषेत गेला ते तुम्ही स्वतः बघून ठेवा. बॅग नेहमी पुढच्या टीच्या बाजूला. कार्ड पुढच्या टीवर. बंकरमधून निघत नसेल आणि मैत्रीचा खेळ असेल तर बॉल उचला आणि पुढं चला, त्यात कमीपणा नाही. हँडिकॅपसाठी तसाही एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा (पार अधिक दोन, अधिक हँडिकॅपनं मिळणारे फटके) जास्त स्कोअर धरत नाहीत. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांची पॉइंटांची पद्धत १९३२ पासून खेळली जाते, त्यात दर होलच्या स्कोअरवर पॉइंट मिळतात आणि पॉइंट मिळायची शक्यता संपली की बॉल उचलावा अशीच अपेक्षा असते. नवशिक्यांसाठी स्टेबलफर्डच ठेवा असं मी आमच्या कमिटीला कधीपासून सांगतेय.

आता तुमचा पहिला प्रश्न. पुढचे हळू आहेत असं म्हणायच्या आधी त्यांच्याही पुढं बघा. त्यांच्या पुढचा अख्खा होल मोकळा असेल तरच ते हळू. तिथंही गर्दी असेल तर ते तुमच्यासारखेच अडकलेत, त्यांना बोलून काही मिळणार नाही. होल मोकळा असेल तर कॅडीला पुढं पाठवा, कॅडी कॅडीशी बोलतात आणि कुणाचा मान दुखावत नाही. नाहीतर पुढच्या टीवर गाठ पडली की सरळ सांगा, "आम्ही पुढं गेलो तर चालेल का?" पार थ्रीवर हे सगळ्यात सोपं जातं. त्यांनी ग्रीनवर पोचून बाजूला व्हायचं, मागच्यांनी टीवरून मारून घ्यायचं. ओरडायचं नाही, आणि इशारा म्हणून त्यांच्या पायाशी बॉल तर कधीच मारायचा नाही. गोल्फचा बॉल डोक्याला लागला तर माणूस जाऊ शकतो.

काही गोष्टी सुटल्या त्या सांगते. नुसते फटके मोजायच्या साध्या स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत बॉल उचलून पुढं जाता येत नाही, होल पूर्ण करावाच लागतो. तिथं कमिटीनं वेळेचं जे ठरवलं असेल तेच चालतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन महिने रफमधलं (फेअरवेबाहेरचं) गवत एवढं वाढतं की बॉल डोळ्यांदेखत नाहीसा होतो, त्या दिवसांत राऊंड लांबला तर कुणालाच दोष देता येत नाही. दोघांत एक कॅडी असेल तरी वेळ वाढतो. वयस्कर मेंबर सावकाश चालतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पाळी आली की ते बहुतेक वेळा पटकन मारतात. आणि पुष्कळदा दोष क्लबचाच असतो. दर सात-आठ मिनिटांनी एक फोरबॉल सोडायचा आणि पार थ्रीवर प्रत्येकाला दहा मिनिटं लागतात, तर दर फोरबॉलमागं दोन-तीन मिनिटं साचत जाणार. शेवटच्या फोरबॉलनं कितीही पळापळ केली तरी तो चार तासांत घरी जाणार नाही.

म्हणूनच मी आमच्या कमिटीला लिहून दिलंय की नवव्या होलवर घड्याळ लावा आणि कोणता फोरबॉल किती वाजता सुटला आणि किती वाजता तिथं पोचला, ते स्टार्टरच्या (पहिल्या टीवरून ग्रुप सोडणाऱ्याच्या) वहीत लिहा. सगळ्यांचं लिहा, नवशिक्यांचं, बायकांचं आणि हँडिकॅप बारावाल्यांचंही. एक हंगाम ही वही ठेवा आणि मग ठरवा रविवारी सकाळी कुणी यायचं नाही ते. या मागणीला सगळ्यात जास्त विरोध केला तो मला दुपारी यायला सांगणाऱ्या त्याच मेंबरांनी. अर्ज अजून कमिटीपुढं पडून आहे, आणि पुढच्या मीटिंगला मी तो पुन्हा काढणार आहे. तुमच्या कोर्सवरही अशी वही सुरू करायला लावा.