डिस्कॉर्डवर ग्रुपची स्वतःची इमोजी बनवताना

भाऊ, स्वागत आहे! डिस्कॉर्डवर, म्हणजे आपल्या ग्रुपच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, तर्री-पोह्यांची इमोजी बनवायची तुझी कल्पना मस्त आहे, नक्की कर.

सगळ्यात जास्त लक्ष चित्राकडे दे. मजकुराच्या ओळीत इमोजी अगदी बारीक दिसते. आपल्या नागपूरच्या झिरो माइल स्मारकाचा अख्खा परिसर तेवढ्यात कोंबला तर नुसता डाग उमटेल. त्यापेक्षा खांब आणि एक घोडा घे, बाकी कापून टाक. पोह्यांचंही तसंच: वरची लाल तर्री ओळखू आली पाहिजे. चित्र चौकोनी हवं, १२८ बाय १२८ पिक्सेल पुरे, फाइल २५६ केबीच्या आत. पार्श्वभूमी पारदर्शक असलेली पीएनजी घे. नवीन लोक इथेच चुकतात; मागचा पांढरा रंग राहून जातो आणि डार्क मोडमध्ये इमोजीऐवजी पांढरा ठोकळा दिसतो. टाकण्याआधी दोन्ही मोडमध्ये पाहून घे.

नाव रोमन अक्षरांत, छोटं, स्पेस न देता. दोन कोलनच्या मध्ये तेच टाइप करावं लागतं, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहील असंच ठेव.

आणखी दोन गोष्टी:
- मोफत सर्व्हरला (डिस्कॉर्डवर ग्रुपला सर्व्हर म्हणतात) साध्या इमोजींच्या ५० जागा असतात. त्या एका बैठकीत भरू नको.
- कुणाच्या चेहऱ्याची इमोजी त्याला विचारल्याशिवाय बनवायची नाही, जिवलग मित्र असला तरी.

फुटाळा तलावावर भेटायचं ठरत असेल तेव्हा वेगळा मेसेज टाकण्यापेक्षा मूळ मेसेजवरच इमोजीने रिअ‍ॅक्शन दे, म्हणजे वेळ आणि जागा वर वाहून जात नाही. दुःखाची बातमी आली तर मात्र दोन शब्द लिहीच.

हलत्या इमोजी, नायट्रो (डिस्कॉर्डची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) वगैरे सध्या राहू दे. आधी पोहे टाक, आम्ही बघतो.