९ नोव्हेंबर जर्मनीच्याच वाट्याला का?

प्रश्न : नातीच्या प्रोजेक्टसाठी वाचताना दिसलं, हिटलरचं पहिलं बंड ९ नोव्हेंबरला फसलं, ज्यूंची दुकानं फोडली ती ९ नोव्हेंबरला आणि बर्लिनची भिंतही ९ नोव्हेंबरलाच पडली. हा निव्वळ योगायोग का? मग त्यांचा राष्ट्रीय दिवस ३ ऑक्टोबरला कसा?

उत्तर : अहो, तिन्ही बरोबर, पण त्याआधीचा १९१८ चा राहिला. पहिलं महायुद्ध हरत आलेलं, कैसर म्हणजे जर्मन सम्राट पायउतार झाल्याची बातमी आली आणि त्याच दुपारी समाजवादी पुढारी शायडेमान यांनी संसदेतून प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. उजव्या मंडळींना ही तारीख कायम सलत राहिली. १९२३ ला म्युनिकमध्ये हिटलरचं बंड ८ च्या रात्री सुरू झालं आणि ९ ला पोलिसांच्या गोळीबारात संपलं.

पुढे सत्ता आल्यावर नाझी दरवर्षी त्या बंडातल्या मेलेल्यांना सलामी द्यायला म्युनिकमध्ये जमायचे. १९३८ लाही सगळे पुढारी तिथेच जेवायला बसलेले, तेवढ्यात पॅरिसच्या वकिलातीत एका १७ वर्षांच्या ज्यू मुलाने गोळ्या घातलेला जर्मन अधिकारी वारल्याचं कळलं, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच भडकाऊ भाषण ठोकलं आणि मंडळी उठून फोनवर, आपापल्या भागात हुकूम सोडायला. याला योगायोग कसं म्हणायचं? रातोरात सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) पेटले, काचांचा खच पडला, सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले आणि वर ज्यूंनाच १ अब्ज मार्कांचा दंड! कितीदा वाचलं तरी संताप येतो.

१९८९ मात्र खरा योगायोग. पूर्व जर्मनीचे, लोकांना पश्चिमेकडे जाऊ देणारे, प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, प्रेस कॉन्फरन्सला बसलेल्या तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या शाबोव्स्कींना ते माहीतच नव्हतं, पत्रकारांनी कधीपासून विचारल्यावर त्यांनी कागद चाळले आणि माझ्या माहितीप्रमाणे लगेच, असं सांगून टाकलं. टीव्हीवर ऐकून लोक बर्लिनच्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सीमा-नाक्यावर लोटले, ड्यूटीवरचा अधिकारी हाराल्ड येगर वरच्यांना फोनवर फोन करतोय, कुणी ठाम ऑर्डर देईना, शेवटी साडेअकराच्या सुमारास त्यानेच गेट उघडायला लावलं. २८ वर्षांची भिंत, आणि एक गोळी सुटली नाही!

राष्ट्रीय दिवसाचं म्हणाल तर दोन्ही जर्मनी एक झाले ३ ऑक्टोबर १९९० ला. भिंतीची तारीख किती गोड, पण त्याच तारखेला सिनेगॉग जळालेत, तिथे फटाके कसे उडवणार? जर्मनीत फुटपाथवर ज्यूंच्या जुन्या घरांपुढे छोट्या पितळी पाट्या बसवल्यात, इथे अमुक राहत होते म्हणून. ९ नोव्हेंबरला लोक गुडघ्यावर बसून त्या घासून लख्ख करतात, शेजारी मेणबत्ती लावतात. नातीला प्रोजेक्टमध्ये त्याचा फोटो नक्की लावायला सांगा.